मुक्काम पोस्ट, पाणी असेल तिथे

लोणार,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

ती. दादा आणि ती. सौ. वहिनी यांना,
सा. न. वि. वि.

दादा, सेलूहून निघताना तू गाडीला एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "एवढ्या पैशात जन्मभर लॉजात राहिला असता." हिशोब तुझा बरोबर आहे. पण लॉजातल्या माणसाला दाराबाहेरचं गाव फक्त येता-जाता दिसतं. आमचं दारच गावात उघडतं.

पहिला मुक्काम जवळचा असावा म्हणून मंठ्यावरून लोणारला आलो. पुढे मेहकरजवळ समृद्धी महामार्ग लागेल, पण त्यावर चढणार नाही. तिथे मनाला येईल तिथे थांबता येत नाही, आणि आमचं सगळं थांबण्यातच आहे.

वहिनी, तुम्ही आत डोकावलात पण नीट पाहिलं नाहीत. मूळची ही ट्रॅव्हलर, माणसं वाहणारी. आरटीओच्या परवानगीशिवाय गाडीची बांधणी बदलता येत नाही, त्यामुळे कागद फिरण्यात अख्खा पावसाळा गेला. आता आरसीवर 'मोटार कॅरॅव्हॅन' अशी नोंद आहे. दोन बर्थ, एक शेगडी, छोटा फ्रिज, टपावर सोलर पॅनेल, बर्थखाली बॅटरी, मागे संडास आणि दीडशे लिटरची टाकी. थंडीतच का निघालात, असं शेजारी विचारत होते. चैत्र-वैशाखात हा पत्रा तापला तर आत भाकरी शेगडीशिवाय भाजेल. उन्हाळ्यात एसी हवा, एसीला वीज हवी, आणि तेवढी वीज टपावरच्या पॅनेलातून निघत नाही. थंडीत एक पंखाही लागत नाही.

विजेचं जमतं, पाण्याचं जमवावं लागतं. दोघांच्या आंघोळी, भांडी, स्वयंपाक आणि संडास यांत दीडशे लिटर कसेबसे दोन दिवस पुरतात. आता अर्ध्या बादलीत आंघोळ, ताटं आधी कागदानं पुसायची, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना. टँकरच्या उन्हाळ्यांत तुम्ही अख्ख्या घराचा संसार असाच केलात, त्यामुळे यात तुम्हाला नवल वाटणार नाही. यांना मात्र वाटतं. नोकरीभर यांनी नळ उघडा ठेवून दाढी केली.

सरोवर पाहिलं. उल्का आदळून बसाल्ट खडकात पडलेला हा खड्डा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. तळाला खारं, क्षारट पाणी. 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, तेव्हा सगळा महाराष्ट्र त्याचे फोटो पाहत होता. एवढं मोठं पाणी, पण ओंजळभर पिता येत नाही. काठावर मात्र गोड्या पाण्याची धार अखंड पडते आणि माणसांची गर्दी, देऊळ, आंघोळी सगळं त्या धारेपाशी. जगभरातून शास्त्रज्ञ येतात ते सरोवरासाठी, गाव मात्र धारेकडे तोंड करून बसलेलं आहे. आमचाही नियम तोच ठरला: आधी नळ बघायचा, मग देखावा. आज एका मंगल कार्यालयाच्या आवारात उभे आहोत. लग्न नाही, नळ आहे.

कापसाची दुसरी वेचणी झाली का, कळव.

तुमची धाकटी


सारंगखेडा,
दत्तजयंतीचा दुसरा दिवस

ती. दादा-वहिनींना सा. न.

जळगावात भरीत खाल्लं. हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचं, काड्यांच्या जाळावर भाजलेलं, सोबत कळण्याची भाकरी. आपल्याकडचं भरीत आता तोंडाला लागायचं नाही, एवढं एकच सांगते आणि पुढे जाते.

सारंगखेडा तापीच्या काठावर आहे. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबातले पांढरेशुभ्र नुकरा घोडे. दादा, तू बैल घेताना दात बघतोस तसे इथेही बघतात, पण घोड्याला आधी चालवून दाखवतात आणि भाव बोलायची वेळ आली की रुमालाखाली बोटं जातात. आम्ही शेजारी उभे होतो, कळलं काही नाही.

व्यापाऱ्यांच्या ट्रकांच्या रांगेला लागूनच आमची गाडी आहे. ट्रकच्या हौद्यात घोडे आले, वर फळ्यांच्या माळ्यावर चारा आणि माणसं. आता घोडे खाली बांधलेत आणि रिकाम्या हौद्यात बिऱ्हाड थाटलंय: चूल, पलंग, आरसा, देवाचा फोटो. राजस्थानातले एक म्हातारे काल आमची गाडी आतून बघायला आले. शेगडी पाहिली, फ्रिज पाहिला, बर्थ दाबून पाहिला. मग विचारलं, "यात घोडा कुठे उभा करता?" नाही म्हटल्यावर त्यांना आमची फार कीव आली. एवढ्या लांब आलात आणि विकायला काही आणलं नाही!

त्यांनीच हिशोब सांगितला. एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. म्हणजे आमची टाकी त्यांच्या चार घोड्यांना एक दिवस. तरी त्यांच्या पोरानं स्वतःच्या ड्रमातून आम्हाला दोन बादल्या भरून दिल्या. मी नको म्हणत होते, तर म्हणाले, पाणी मागायला लावणारा शेजारी कसला?

वहिनी, तुम्ही विचारायला लाजलात तेही सांगते. संडासाखाली एक बंद डबा असतो. तो दोन-तीन दिवसांनी ओढून काढायचा आणि पेट्रोल पंपावरच्या संडासात परवानगीनं ओतायचा. हे काम यांचं. खाण्याचं सगळं माझं, हे ठरूनच निघालोय. आणि थंडीचा एक त्रास कोणी सांगितलेला नव्हता: रात्री सगळ्या काचा बंद केल्या की आपल्याच श्वासाची वाफ पत्र्याला धरते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. आता कितीही गारठा असो, एक खिडकी बोटभर उघडी ठेवतो. शेगडी पेटवताना तर ती हवीच.

पुढे नवापूरवरून गुजरातेत. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. गिरनारच्या पायथ्याशी संक्रांत करू. दत्ताच्या पादुकांपर्यंत दहा हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. हे चढणार म्हणतात, मी गाडी राखणार.

तुमची धाकटी


खाराघोडा, जि. सुरेंद्रनगर,
18 जानेवारी

ती. दादा-वहिनींना सा. न.

हे चढले. त्यानंतर जिना दिसला की तोंड फिरवतात.

आता कच्छच्या छोट्या रणाच्या तोंडाशी आहोत. रण वरून वाळलेलं दिसतं, पण खाली चिखल असतो. म्हणून गाडी गावात ठेवून जीपनं आत गेलो. जवळपास पाच हजार चौरस किलोमीटर सपाट, झाड नाही, बांध नाही. रानगाढवांचे कळप दिसले. त्यांना इथे घुडखर म्हणतात आणि 1973 पासून हे त्यांचं अभयारण्य आहे.

पण मला सांगायचंय ते अगरियांबद्दल. हे मिठागरांचे लोक. पावसाळ्यात रणात पाणी भरतं. ते ओसरलं की दसरा-दिवाळीच्या सुमाराला ही कुटुंबं कच्च्याबच्च्यांसह आत येतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. सात-आठ महिने घर म्हणजे ताडपत्री आणि काठ्यांची झोपडी. विहीर खणून जमिनीखालचं पाणी उपसायचं. ते समुद्रापेक्षा किती तरी खारट असतं. पायांनी तुडवून तळ घट्ट केलेल्या वाफ्यांत ते सोडायचं, दंताळ्यानं हलवत राहायचं, मग उन्हाळ्यात मोठे स्फटिक हाती येतात. पूर्वी कमाईचा मोठा वाटा पंपाच्या डिझेलमध्ये जायचा, आता बऱ्याच ठिकाणी सोलर पंप आलेत. आमच्या टपावर आहे तेच पॅनेल, पण आमचं फ्रिजसाठी आणि त्यांचं पोटासाठी.

प्यायचं पाणी टँकरनं येतं, तेही रोज नाही. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा आपण हळहळलो होतो. इथे दर हिवाळा तसाच. एका बाईनं चहा केला. कपात पाणी मोजून ओतताना तिचा हात जसा थांबला, तसा माझा आता गाडीत थांबतो, म्हणून माझ्या लक्षात आलं. सेलूच्या घरातून आले असते तर चहा पिऊन फक्त "गोड आहे" म्हटलं असतं.

आणि दादा, रणात शाळा पाहिली. सरकारनं एसटीच्या जुन्या बस आत आणून उभ्या केल्यात आणि त्यांचे वर्ग केलेत. आत फळा, बाहेर मीठ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात आयुष्य काढलेल्या बाईला याहून काय हवं? पोरांना पाढे म्हणायला लावले. गुजराती पाढे मला येत नाहीत, पण पोरं तेराला अडखळतात ते दोन्हीकडे सारखंच.

रात्री अमेरिकेत फिनिक्सला असलेल्या पुतणीशी बोलले. तिनं सांगितलं, अ‍ॅरिझोनात क्वार्टझसाइट नावाचं छोटं गाव आहे. गोठवणाऱ्या थंडीला कंटाळलेले निवृत्त लोक घरं ओढत तिथे हिवाळा काढायला जातात. गावाबाहेरच्या सरकारी वाळवंटात ठरावीक पट्टे आखलेले आहेत. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहायला एक परवाना, आणि त्यात पाणी भरायची, सांडपाणी ओतायची जागा. आपल्या राज्यानंही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅरॅव्हॅन पार्क व्हावेत असं त्यात आहे. व्हावेतच. पण चाकांवर किंवा ताडपत्रीखाली हिवाळा काढणाऱ्यांत आमच्यासारखे हौशे किती आणि हे लोक किती, हे रणात उभं राहिलं की मोजायची गरज राहत नाही.

तुमची धाकटी


बारडोली,
माघ वद्य तृतीया

ती. दादा-वहिनींना सा. न.

परतीला लागलोय. बारडोली म्हटलं की आपल्याला 1928 चा सत्याग्रह आणि वल्लभभाई. इथे हिवाळ्यात आलं की ऊस. सहकारी कारखान्यांचा हा पट्टा, आणि तोडणीला येतात डांगातले, तापी जिल्ह्यातले आणि आपल्या नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी. गावाबाहेर त्यांचे पडाव पडलेत: वाकवलेले बांबू, वर काळं प्लास्टिक, शेजारी उसाची वाढं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात या तोडकऱ्यांवर अभ्यास केला होता. हे मला यांनी मोबाइलवर वाचून दाखवलं. खिडकीबाहेरचे पडाव आणि वाचलेलं वर्णन यांत फार अंतर वाटलं नाही.

शाळेत दिवाळीनंतर हजेरी घ्यायचे तेव्हा नाव पुकारलं की मागून कोणीतरी ओरडायचं, "फडावर गेला!" पटावर पोरं असायची, बाकांवर नसायची. पुढे हंगामी वसतिगृहं आली, आजीजवळ राहणारी काही पोरं टिकली. उचल, मुकादम, कोयता हे शब्द मला पाठ होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हेही ठाऊक होतं. पण फडावर ती माणसं सकाळी तोंड कुठल्या पाण्यानं धुतात, हे वर्गात बसून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. इथे पहाटे चारला आमच्या गाडीवरून बाया हंडे घेऊन गेल्या, उजाडायच्या आत परत आल्या, आणि लगेच कोयते घेऊन निघाल्या. पाणी किती लांब आहे ते विचारलं. हात लांबवून दाखवलं, बोलायला वेळ नव्हता.

त्यांच्यात आणि आमच्यात फरक फ्रिजचा नाही. आम्हाला पाणी मिळालं नाही तर आम्ही किल्ली फिरवतो आणि पुढच्या गावी जातो. त्यांची आगाऊ घेतलेली उचल खर्च झालेली असते. पाणी असो-नसो, फड संपेपर्यंत मुक्काम तिथेच.

दादा, खर्चाचा हिशोब तू विचारणारच. डिझेल वगळलं तर घरी लागतं त्याहून फार जास्त लागलं नाही. पण मलाही तुला एक विचारायचंय. दुधनेचा कालवा आल्यापासून तू तीन एकर ऊस लावतोस. दरवर्षी टोळी येते आणि तू त्यांना कोप्या घालायला नाल्यापलीकडचा पडीक तुकडा दाखवतोस. विहीर तिथून किती लांब आहे, हे मला लहानपणापासून पायांनी माहीत आहे. यंदा त्यांना विहिरीजवळच्या चिंचेखाली उतरू दे. वहिनी, बायांना आंघोळीला एक आडोसा लागेल. चार पत्रे गोठ्यामागे पडलेत तेच चालतील. मोटारीच्या पाइपाला एक तोटी काढायला प्लंबर फार तर अर्धा दिवस घेईल.

पाइपाचे आणि तोटीचे पैसे माझ्याकडून. तू नको म्हणशील, म्हणून आधीच सांगते: सारंगखेड्याच्या त्या म्हाताऱ्याचं उधार माझ्यावर आहे, ते मला तुझ्या शेतात फेडायचंय.

महाशिवरात्रीच्या आत पोचतो. टोळी त्याआधी आली तर आमची वाट बघू नका, प्लंबरला बोलवा.

तुमची धाकटी