पाच औंसांची गाडी

सात इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच असा पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार खिळे आणि प्लॅस्टिकची चार चाके. अमेरिकेतील कित्येक घरांत दरवर्षी एवढीच सामग्री एका लहानशा खोक्यातून येते. तिच्यातून शर्यतीची मोटार घडवायची असते. या मोटारीला इंजिन नसते, किल्लीही नसते. उतरत्या मार्गावरून सोडून दिली की ती केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर धावते. वजन मात्र पाच औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. 'पाइनवुड डर्बी' या नावाने ओळखली जाणारी ही शर्यत म्हणजे तेथील बाल स्काउटांचा आवडता उत्सव होय.

या शर्यतीचा जन्म एका वडिलांच्या अडचणीतून झाला. कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाचे गृहस्थ राहत असत. विमाने बनविणाऱ्या कंपनीत ते नोकरीला होते. त्या काळी अमेरिकेत मुलांनी स्वतः तयार केलेल्या आणि आत बसून चालवायच्या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यती लोकप्रिय होत्या. मर्फींचा दहा वर्षांचा मुलगा त्यांत भाग घेण्यास फार लहान होता. मूल मोठे होण्याची वाट पाहण्यापेक्षा वडिलांनी गाडीच लहान केली. १५ मे १९५३ रोजी अशा गाड्यांची पहिली शर्यत झाली. कोणती गाडी आधी पोहोचली हे कळावे म्हणून अंतिम रेषेवर दाराच्या विजेच्या घंटांची योजना केलेली होती. पुढे हा खेळ देशभर पसरला. २०१८ पासून मुलीही या पथकांत सामील होऊ लागल्या.

वडील आणि मूल यांनी शेजारी बसून काही घडवावे, हा मर्फींचा हेतू होता. खरी कसोटी लागते ती येथेच. मोठ्यांच्या हातांना सवय असते, मुलाच्या हातांना ती नसते. मुलाची करवत वाकडी जाऊ लागली की मोठ्यांचा हात आपोआप पुढे येतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी घरातील गोष्ट आहे. घरातील आठ वर्षांच्या मुलाने पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने गाडी तयार केली. ती ओबडधोबड होती. मूल झोपी गेल्यावर वडिलांनी "थोडीशी नीट करू" म्हणून ती हाती घेतली आणि पहाटेपर्यंत तिचे रूपच पालटून टाकले. गाडीला पदक मिळाले. एका मित्राने विचारले, "इतका सुरेख आकार कसा दिलास?" मूल खाली मान घालून म्हणाले, "मला ठाऊक नाही. बाबांनी केली." ते पदक खणात पडले, आणि मुलाने ते पुन्हा कधी बाहेर काढले नाही.

दुसऱ्या वर्षी कोकणातून आजोबा आले होते. त्यांचे सारे आयुष्य सुतारकामात गेले होते. खोके उघडले, ठोकळा मेजाला घट्ट आवळला गेला, आणि सवयीने वडिलांनीच करवत उचलली.

"करवत त्याला दे," आजोबा म्हणाले.

"अण्णा, त्याला अजून सरळ कापता येत नाही."

"कापल्याशिवाय येणार कसं? तू शिकत होतास तेव्हा किती फळ्या फुकट घालवल्यास, विसरलास का? मी बाजूला उभा राहायचो. बोट जपायचं, फळी नाही."

वडिलांनी करवत मुलाच्या हाती दिली. एकदा ती घसरली आणि डाव्या बाजूचा टवका उडाला. वडिलांचा हात पुढे आला, पण त्यांनी तो मागे घेतला. मुलाने कानस चालवली, पॉलिश पेपर घासला. खिळ्यांच्या खरखरीत कडा गुळगुळीत केल्या आणि चाके अडखळू नयेत म्हणून त्यांवर ग्रॅफाइटची पूड लावली. वजन भरण्यासाठी धातूचे तुकडे त्याने प्रथम गाडीच्या पुढच्या भागात चिकटवले. तिरप्या फळीवरून सोडून पाहिली. मग तेच तुकडे मागच्या बाजूला लावले. गाडी अधिक वेगाने धावली. असे का, हे त्याने आता आपणहून विचारले. वजन मागे असले की उतारावर ते अधिक उंच राहते आणि त्यामुळे त्याला अधिक खाली येता येते, एवढेच वडिलांनी सांगितले. पुढचे मुलानेच जुळवले.

त्या आठ दिवसांत सर्वांत अवघड काम वडिलांच्याच वाट्याला आले होते. येत असलेली गोष्ट न करणे हे शिकायला मोठ्या माणसालाही वेळ लागतो. मुलाच्या हातून वाया गेलेले लाकूड हा तोटा नव्हे. ते त्याच्या शिक्षणाचे मोल असते. ते कोणालाही दुसऱ्याच्या वतीने भरता येत नाही.

शर्यतीत ती गाडी पहिल्या तिघांत आली नाही. मुलाचा चेहरा क्षणभर उतरला. एवढ्यात दोनतीन मुले जवळ आली आणि गाडी हातात घेऊन पाहू लागली. तो त्यांना इंग्रजीत भराभर काही सांगू लागला. आजोबांना त्यातील एकही शब्द कळला नाही. पण मुलाचे बोट गाडीच्या डाव्या बाजूला, करवत जेथे घसरली होती, नेमके तेथे टेकलेले त्यांनी पाहिले. त्यांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली.