अर्धं तिकीट

एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेक जण लहानपणी सलग दोन-तीन वर्षं तरी चारच वर्षांचे होतो. आई कंडक्टरला ठासून सांगायची, "चारच पूर्ण झालीत हो!" आणि आपण तिच्या मांडीवर पाय दुमडून होता होईल तेवढं बारकं दिसायचा प्रयत्न करायचो. कंडक्टरलाही सगळं कळत असायचं. पण भांडण व्हायचं ते फक्त वयावरून. मुलांना कमी पैसे पडावेत याबद्दल कुणाची तक्रार नसायची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने हे अर्धं तिकीटच काढून टाकलं. तेही हंगाम चालू असताना. उरलेल्या लीग सामन्यांची जी तिकिटं क्लबच्या मेंबरांना विकायची शिल्लक होती, त्यांचा दर सरसकट ६६ पौंड. बापाला ६६, नऊ वर्षांच्या पोराला ६६ आणि पेन्शनीतल्या आजोबांनाही ६६. त्याआधी मोठ्यांचं तिकीट ४० पौंडांपासून आणि १६ वर्षांखालच्या मुलांचं २५ पौंडांपासून मिळायचं. ६६ पौंड म्हणजे आपले सात हजारांच्या वर. बाप आणि दोन पोरं गेली तर १९८ पौंड. यात ट्रेनचं भाडं नाही, खाणंपिणं नाही, आणि क्लबच्या दुकानासमोर पोरं जर्सीसाठी फतकल मारून बसतात त्याचा हिशोब तर नाहीच.

मी मँचेस्टरला दीड वर्ष ऑनसाइट होतो. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून या शनिवारी लिहायला घेतलाय.

आधी क्लबची बाजू. आपल्या धंद्यातल्या माणसाला ती पटकन पटते. ओल्ड ट्रॅफर्डमध्ये साधारण ७४ हजार खुर्च्या आहेत आणि तिकिटं मागणारे त्याहून कितीतरी जास्त. ६६ पौंड लावूनही खुर्ची भरणार असेल, तर तीच खुर्ची २५ पौंडांना देणं म्हणजे ४१ पौंड सोडून देणं. एक्सेल शीटमध्ये हा कॉलम लाल दिसतो. हे शीट कुणी माझ्याकडे दिलं असतं तर मीही दहा मिनिटांत तेच उत्तर काढून दिलं असतं. प्रश्न गणिताचा नाहीच. शीटमध्ये कोणता कॉलम घ्यायचाच राहिला, हा प्रश्न आहे.

पूर्वी तिथे पोरं मॅचला कशी जायची हे ऐकलं की गंमत वाटते. बाप पोराला उचलून फिरत्या फाटकावरून सरळ आत घ्यायचा आणि फाटकावरचा माणूस दुसरीकडे बघायचा. (आपला एसटी कंडक्टरच तो!) लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर आणि एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर 'बॉईज पेन' म्हणून पोरांसाठी स्वस्तातला वेगळा कोंडवाडा असायचा. मॅच संपायच्या थोडं आधी लोकांना बाहेर पडण्यासाठी दारं उघडायची. तेव्हा बाहेर टपून बसलेली पोरं फुकटात आत घुसायची आणि शेवटची काही मिनिटं बघून घ्यायची.

अर्थात ते दिवस सोन्याचे वगैरे नव्हते. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जाळीच्या कुंपणामागे गर्दीत चिरडून माणसं मेली. एकूण बळी ९७. त्यातला सगळ्यात लहान मुलगा १० वर्षांचा होता. त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये लॉर्ड टेलर यांचा अंतिम अहवाल आला आणि मोठ्या क्लबांच्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या सक्तीच्या झाल्या. खुर्च्या आल्या की तिकीट महागणार, ही ओरड तेव्हाही होतीच. त्यावर टेलर यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं होतं. तिथे बसून बघायला ६ पौंड आणि उभं राहून बघायला ४ पौंड पडायचे. म्हणजे सुरक्षित खुर्चीसाठी दोन पौंड जास्त. महागाई धरली तरी ते ६ पौंड आज १५ ते २० पौंड होतील. तेव्हा 'सुरक्षितता आली म्हणून भाव वाढले' हे म्हणणं थोड्या अंतरापर्यंतच खरं आहे.

मग पुढचं काय? १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि टीव्हीचा पैसा आला. पहिला करार पाच वर्षांचा, ३०.४ कोटी पौंडांचा. २०२५ ते २०२९ या चार हंगामांचा नुसत्या ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ६ कोटींवरून १६७ कोटींवर! आज लीगमधल्या क्लबांच्या एकूण कमाईत मॅचच्या दिवशीच्या मैदानावरच्या कमाईचा वाटा साधारण सातवा हिस्सा आहे. त्या सातव्या हिश्शात महागडे बॉक्स आले, बिअर आली, मोठ्यांची तिकिटं आली. त्यात पोरांच्या तिकिटावरची सवलत ती केवढी? एखाद्या बऱ्या स्ट्रायकरच्या पगारासमोर ती चिल्लर आहे.

आणि नेमकी ती चिल्लर वेचायला क्लब खाली वाकतात, याचं मला नवल वाटतं. आमच्याकडे शेतकरी कितीही अडला तरी बियाण्याचं पोतं दळायला काढत नाही. काढलंच तर गावाला कळतं की या घरात काहीतरी बिनसलंय.

बियाणं हा शब्द मी उगाच वापरत नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेचा मामला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही सगळी तालमींची नावं, आणि मॅच शाहू स्टेडियमवर. मला काका घेऊन जायचे. ऑफसाइड म्हणजे काय हे मला कितीतरी वर्षं कळत नव्हतं. पण आपली तालीम कुठली, आपण बसायचं कुठल्या बाजूला, हरल्यावर घरी जाताना कुठल्या बोळातून जायचं नाही, हे पहिल्या दोन-तीन मॅचमध्येच पक्कं झालं. शेजारी बसलेले अनोळखी काका गोल झाल्यावर आपल्याला उचलून नाचवतात आणि पेनल्टी हुकली की आपल्यासमोरच असे शब्द वापरतात जे घरी जाऊन म्हणायचे नसतात. :) हे टीव्हीवर शिकता येत नाही. टीव्हीवर खेळ कळतो. आपली टीम 'आपली' कशी होते ते फक्त गर्दीत कळतं, आणि तेही एका ठरावीक वयातच. पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानात गेलेला माणूस बहुतेक वेळा पाहुणाच राहतो.

आता थोडं आपल्याबद्दल. ही जी अफाट 'मागणी' आहे, ती कुणाची? पुण्यात शनिवारी रात्री युनायटेडची जर्सी घालून पबमध्ये बसणारे तुम्ही-आम्हीसुद्धा त्यात आलोच. आपण आयुष्यात एकदा जाणार, फोटो काढणार, मफलर घेणार. एकदाच जायचं तर ६६ काय नि १०० काय! पण सॅल्फर्डमधल्या बापासमोर वर्षाला घरच्या मैदानावरच्या लीगच्या १९ मॅच असतात आणि दोन पोरं असतात. आमच्यासारख्याची हौस आणि त्याची सवय एकाच रांगेत उभी केली, की बोलीत हौस जिंकणारच. आपण जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या हौसेची किंमत त्याच्या पोराच्या खुर्चीला लावू नये, एवढं क्लबला नक्की जमण्यासारखं आहे.

जमतं, याचे पुरावेही आहेत. ६ फेब्रुवारी २०१६ ला अ‍ॅनफील्डवर लिव्हरपूल-संडरलंड मॅचमध्ये ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले, कारण पुढच्या हंगामात सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंड होणार होतं. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं, मॅच २-२ सुटली! चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षापासून पाहुण्या टीमच्या चाहत्यांसाठी प्रीमियर लीगमध्ये ३० पौंडांची कमाल मर्यादा आली. जर्मनीत तर डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर आजही सुमारे २५ हजार माणसं उभं राहून मॅच बघतात आणि तिथलं तिकीट इंग्लंडच्या मानाने बरंच स्वस्त असतं. युनायटेडच्या निर्णयावरही १ डिसेंबर २०२४ ला एव्हर्टनच्या मॅचआधी निदर्शनं झाली. पुढच्या हंगामासाठी क्लबने सीझन तिकीट ५ टक्क्यांनी वाढवलं, पण १६ वर्षांखालच्या मुलांचे दर गोठवले. म्हणजे ओरडल्यावर ऐकू जातं, थोडं का होईना.

माझ्या तिथल्या टीममध्ये एक टेस्टर होता. पन्नाशीच्या आतला, दोन पोरांचा बाप. त्याचा क्लब कुठला ते सांगत नाही. त्या क्लबचं सीझन तिकीट त्याच्या वडिलांकडे होतं, मग त्याच्याकडे आलं. पोरांना प्रत्येक मॅचला नेणं त्याला परवडेना, म्हणून तो त्यांना घराजवळच्या खालच्या डिव्हिजनमधल्या एका छोट्या क्लबच्या मैदानावर न्यायला लागला. तिथे मुलांचं तिकीट आपल्या मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या भावात. सुरुवातीला ती नुसती सोय होती. मग मुलीला तिथला गोलकीपर नावानिशी ओळखायला लागला. मग मुलाने खोलीतलं बाबांच्या क्लबचं पोस्टर काढून तिथे या क्लबचं लावलं.

एकदा लंचला मी त्याला विचारलं, "आता तुझा मोठा क्लब आणि त्यांचा छोटा क्लब कपच्या मॅचमध्ये समोरासमोर आले तर?" तो हसला. म्हणाला, "पोरांनी ठरवून टाकलंय. त्या दिवशी मी समोरच्या स्टँडमध्ये एकटा बसायचं."

तीन पिढ्यांचं घराणं होतं ते. त्या क्लबच्या एक्सेल शीटमध्ये हा तोटा कुठेच दिसणार नाही, कारण त्याची स्वतःची खुर्ची अजून भरलेली आहे.