चूक मावशींची नव्हती

तुमच्या घरातली हिशेबाची वही कोण लिहितं? मी म्हैसूरच्या गोकुलममध्ये ज्या घरात भाड्याने राहते, तिथे ती घरमालकीण मावशी लिहितात. मावशी मूळच्या बेळगावच्या. पट्टाभि जोइस यांची अष्टांग योगशाळा २००२ मध्ये गोकुलममध्ये आली. देशोदेशीचे विद्यार्थी इथे महिना-दोन महिने राहतात. त्यांतल्या काहींना मावशी नाश्ता आणि जेवण देतात.

उद्या किती जण येणार, हे मावशींना आदल्या दिवशीच कळावं लागतं, नाहीतर इडलीचं पीठ वाया जातं. वहीत नुसती खाडाखोड. मी म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला मोबाईलवर करून देते."

मी बीए इंग्लिशवाली, पण व्हिडिओ बघून एक्सेलमधलं व्हीबीए थोडंफार शिकले होते. कोड लिहिला: प्रत्येक नावासमोरच्या खान्यात एक चेकबॉक्स काढ आणि तो शेजारच्या खान्याला जोड. टिक केली की तिथे 'ट्रू' उमटतं आणि वरच्या बटणाने बेरीज होते. लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. फाईल मावशींना पाठवली आणि मी माझ्या कामाला लागले.

चार दिवसांनी स्वयंपाकघरात पुन्हा वही दिसली. पिठाचं पातेलंही अर्धं उरलेलं.

"मावशी, मोबाईल?"

"नाही गं जमत मला. किती दाबलं, काही होईना. वय झालं आता."

मी फोन हातात घेतला. चौकोन मलाही दाबता येईनात! मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. हे मी एकदाही तपासलं नव्हतं. चार दिवस मावशी स्वतःलाच दोष देत होत्या आणि चूक माझी होती. तसं त्यांना सांगितलं. त्या नुसत्या हसल्या. पण वही काही हातातून ठेवली नाही.

मग गूगल शीट्समध्ये नव्याने सुरुवात केली. तिथे चेकबॉक्स खान्याच्या वर तरंगत नाही, तो खान्यातच बसतो. 'इन्सर्ट' मेन्यूतून तो टाकता येतो. नावं बरीच असतील तर लॅपटॉपवर 'एक्स्टेन्शन्स'मधून 'अ‍ॅप्स स्क्रिप्ट' उघडा. तिथे 'इन्सर्टचेकबॉक्सेस' ही एक आज्ञा दिली की आख्ख्या रकान्यात चौकोन येतात. टिका मोजायला 'काउंटइफ' हे सूत्र पुरतं.

आता बटण. चित्र काढून त्याला कोड जोडता येतो, पण असं बटण शीट्सच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये चालत नाही. यावेळी मात्र मी आधी तपासलं! त्यावर उपाय म्हणजे चेकबॉक्सलाच बटण करायचं. 'ऑनएडिट' नावाचं फंक्शन लिहिलं की कुणी खाना बदलताच ते आपोआप चालतं, फोनवरसुद्धा. बदललेला खाना 'उद्या सुट्टी' हा आहे का, एवढंच ते बघतं. असेल तर नाश्त्याच्या सगळ्या टिका पुसतं आणि शेवटी स्वतःची टिकही काढतं. कोडने केलेल्या बदलाने 'ऑनएडिट' पुन्हा चालत नाही, त्यामुळे ते गोल गोल फिरत बसत नाही.

'उद्या सुट्टी' कशाला? अष्टांगच्या परंपरेत अमावास्या-पौर्णिमेला सराव नसतो. त्या दिवशी मंडळी उशिरा उठतात आणि नाश्त्याला फारसं कुणी येत नाही. हे मला मावशींनीच सांगितलं. पहिल्या वेळी मी विचारलंच नव्हतं.

यावेळी फाईल नुसती पाठवली नाही. मावशींच्या शेजारी बसले, फोन त्यांच्याच हातात दिला. त्यांनी 'उद्या सुट्टी' दाबलं, सगळ्या टिका गेल्या. "अगंबाई! पुसलं की सगळं!" मग एकेका नावावर पुन्हा टिक करत बसल्या.

तुम्ही आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी असं काही करणार असाल, तर एक करा. ज्या फोनवर ते वापरणार, त्याच फोनवर आधी स्वतः करून बघा. आणि "मला जमत नाही" असं कुणी म्हणालं, तर आधी आपला कोड तपासा.

वही अजून स्वयंपाकघरातच आहे. मावशी आता तिच्यात दुधाचा हिशेब लिहितात.