आधी कर्णा, मग करंट

आमच्या घरात अँप्लिफायर हा शब्द कुणी उच्चारला नाही. ती 'मशीन' होती. राखाडी रंगाची लोखंडी पेटी, वर जाळीचं झाकण, पुढं पाच बटणं, आणि वजन असं की एकट्यानं उचलली तर कंबरेत कळ यावी. जाळीतून आत बघितलं की काचेचे दोन मोठे आणि तीन लहान वॉल दिसायचे. व्हॉल्व्हला आमच्याकडं सगळे वॉलच म्हणत. खटका दाबला की लगेच आवाज यायचा नाही. आधी वॉलच्या पोटातली तार तांबूस व्हायची आणि मग अर्ध्या मिनिटानं कर्ण्यातून 'घूंऽऽ' असा बारीक सूर यायचा. आण्णा म्हणायचे, "थांब जरा, जागी हुतीया."

बहात्तरच्या दुष्काळात आण्णांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. खानापूर तालुक्यातलं आमचं कोरडवाहू रान. पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर माती. गावातल्या बऱ्याच घरांतला एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात लांब मुलखात गेलेला. कुणी केरळात, कुणी बंगालात सोनं-चांदी गाळतोय. आमचे थोरले चुलते सेलमला होते. आण्णांना मात्र गाव सोडायचं नव्हतं. चुलत्यांकडून पैसे उसने घेऊन त्यांनी विट्यातल्या एका स्पीकरवाल्याकडून ही मशीन जुनीच घेतली. सोबत दोन कर्णे, एक माईक, रेकॉर्डची पेटी आणि वायरची दोन भेंडोळी. लग्नं, बारशी, गणपती, चैत्रातली जत्रा. कर्णा लिंबाच्या शेंड्याला बांधला की तीन वाड्यांवर आवाज जायचा. लोक त्यांना 'स्पीकरवालं आण्णा' म्हणायला लागले. जत्रेत कुणाचं पोर हरवलं की आई रडत आण्णांकडंच यायची.

मशीनला हात लावायची मला परवानगी होती, पण एका नियमावर. "आधी कर्णा, मग करंट. मशीन मोकळी कधी चालवायची न्हाई." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

१९८२ साली मी अकरा वर्षांचा होतो. शेजारच्या वाडीत लग्न होतं. सकाळी देवकार्याची रेकॉर्डं वाजवून झाली होती. मंगलाष्टकांना वेळ होता म्हणून मशीन बंद करून आण्णा न्याहारीला गेले आणि मला राखणीला बसवून गेले. माईक माझ्यासमोर होता. त्यावर बोलायची मला किती दिवसांची हौस! पण बोललो तर सगळ्या मांडवाला ऐकू जाणार आणि मग मार. म्हणून मी एक युक्ती केली. मागच्या पट्टीवरची कर्ण्याची वायर सोडवली. आता कितीही ओरडलं तरी कुणाला ऐकू जाणार नाही. खटका दाबला, वॉल तांबूस झाले, आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं आणि माईकवर ओरडलो, "हॅलो! हॅलो! मंडळींनी लक्ष द्यावं!"

कर्णा गप्प होता. पण पेटीच्या आतून माझाच आवाज येत होता, मुंगीएवढा. लोखंड बोलतंय असं वाटलं. मला एवढी मजा वाटली की मी आणखी ओरडलो, गाणं म्हटलं, कोंबड्यासारखा आरवलो. मग आत 'टक' झालं, निळी ठिणगी उडाली आणि कांदा करपल्यासारखा वास आला. मी खटका बंद केला, वायर होती तशी जोडली आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसलो.

मंगलाष्टकांना आण्णांनी मशीन चालू केली. भटजींचा आवाज कर्ण्यातून फाटका, घशात काहीतरी अडकल्यासारखा आला. दोन्ही मोठे वॉल तांबड्या निखाऱ्यासारखे लाल झाले आणि फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. लग्न बिनस्पीकरचं लागलं. वरबाप सगळ्यांच्या देखत आण्णांना बोलला, पैसे तर दिलेच नाहीत. बैलगाडीतून घरी येताना आण्णा एकच वाक्य बोलले, "वॉल गेलं वाटतं."

मी काहीच बोललो नाही.

वॉल लाल झाले म्हणजे वॉलच गेले, असं सगळेच म्हणाले. आण्णांनी एक शेळी विकून नवी जोडी आणली. तीही लाल झाली. मग कोल्हापूरला जाऊन आणखी एक जोडी आणली, आईच्या बोरमाळेतले चार मणी मोडून. तीही तशीच. तोवर शेजारच्या गावात एकानं ट्रान्झिस्टरची नवी मशीन आणली होती. हलकी, खटका दाबल्याबरोबर बोलणारी. दिवाळी झाली आणि आण्णा चुलत्यांबरोबर सेलमला गेले. अकरा वर्षं ते वर्षातून एकदा, जत्रेला, गावी यायचे. जत्रेत स्पीकर दुसऱ्याचा असायचा. मशीन चालू राहिली असती तरी ते गेले असते कदाचित. गावातले सगळेच जात होते. पण हे 'कदाचित' मी मनाशी फार वेळा म्हटलेलं आहे.

२०१९ साली जुनं घर उतरवायला काढलं तेव्हा माळ्यावरून मशीन खाली आली. भंगारवाल्यानं ती हातात तोलून बघितली. आतल्या ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं त्याला वजनावरून कळलं असावं, कारण त्यानं भाव बरा सांगितला. आण्णा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. ओट्यावरून म्हणाले, "तांब्याच्या भावानं दिऊ नको." दुसरं काही बोलले नाहीत. मशीनबरोबर एक पत्र्याचा डबा होता. त्यात कापसात गुंडाळलेले चार मोठे वॉल होते आणि त्यांच्या काचेवर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव पुसट दिसत होतं. मी मशीन आणि डबा गाडीत टाकून पुण्याला आणला.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चार दुकानं फिरलो. एका पोरानं झाकण उघडून आत बघितलं आणि विचारलं, "काका, याचं बोर्ड कुठाय?" बोर्ड नव्हतंच. त्या काळी एक एक वायर, एक एक कंडेन्सर हातानं पट्टीला डाग देऊन जोडत. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं मिरजेच्या एका मिस्त्रीचा पत्ता दिला.

मिरज तानपुऱ्यांचं गाव. तिथं तारांचा कान असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मिस्त्री सत्तरीपुढचे. दुकान एवढं की मशीन ठेवल्यावर मला उंबऱ्यावर बसावं लागलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "लावून बघितली का?"

"नाही."

"देव पावला. चाळीस वर्षं झोपलेलं माणूस एकदम पळवत न्हाईत."

त्यांनी मशीन पालथी केली आणि चांदीच्या रंगाची मोठी नळकांडी दाखवली. हे वीज साठवणारे कंडेन्सर. पडून पडून आतून सुकतात. थेट करंट दिला तर फुटायचे, नाहीतर मोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन जायचे. आधी ते बदलले. मग मोठ्या वॉलच्या आधीचे लहान कंडेन्सर बदलले. ते झिरपायला लागले की वॉलचा लगाम सुटतो आणि तो लाल होतो. त्यानंतर साध्या शंभरच्या बल्बमधून करंट सोडला. आत काही बिघाड असला तर बल्ब भगभगतो आणि मशीन वाचते. मोठे वॉल काढलेले असताना बल्ब मंदच राहिला. वॉल बसवले तसा भगभगला. मिस्त्रींनी खटका बंद केला, थोडं थांबले, आणि बोट न लावता एका वायरनं कंडेन्सर रिकामे केले. "चारशे व्होल्टच्या पुढं असतंय हितं. बंद केलं तरी मारतंय."

मग ते एका मोठ्या वॉलच्या सॉकेटवर बॅटरी मारून बराच वेळ बघत बसले. मला जवळ बोलावलं. दोन पिनांच्या मध्ये केसाएवढी काळी रेघ होती.

"ही ठिणगीची वाट. आणि हा वास बगा." आवाजाचा ट्रान्सफॉर्मर त्यांनी माझ्या नाकाजवळ धरला. एवढ्या वर्षांनीही तो करपल्याचा वास ओळखू आला. "मोकळी चालवलीया कुणीतरी. कर्णा न लावता."

मी म्हणालो, "मोकळी चालवली तर काय होतं?"

"मळ्यात मोटर चालू केली आणि दारंच मोडलं न्हाई, तर काय हुतंय? पाट फुटतोय. वॉलनं ढकललेली ताकद ह्या ट्रान्सफॉर्मरातनं कर्ण्यात जाती. कर्णा न्हाई, म्हंजे जायला वाट न्हाई. मग व्होल्टेज चढत जातंय आणि तारांवरचं वार्निश फोडून वाट काढतंय. आतले वेढे एकमेकाला चिकटले की संपलं. मग कितीबी वॉल बदला, लालच हुणार." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि नुसती चालू ठिवून एवढं जळत न्हाई. माईकवर कुणीतरी जोरात बोलत असणार."

मी उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत राहिलो. मग त्यांना म्हणालो, "मीच होतो."

ते हसले नाहीत. "मग तवाच मिस्त्रीला सांगायचं. एका दिवसात घावलं असतं."

डब्यातले चार आणि मशीनमधले दोन असे सहाही वॉल त्यांनी तपासले. चार अगदी चांगले होते, दोन थोडे थकलेले. म्हणजे एकही गेलेला नव्हता. शेळी आणि बोरमाळेचे मणी ज्यासाठी गेले, त्याची कधी गरजच नव्हती. "असे वॉल आजबी रशियात, स्लोव्हाकियात, चीनमदी बनत्यात," मिस्त्री म्हणाले, "पर तुमास्नी काय घ्यायची गरज न्हाई."

ट्रान्सफॉर्मर मात्र नव्यानं गुंडाळावा लागला. आधी त्यांनी लोखंडाच्या पत्त्या एक एक करून सोडवल्या. मग जुनी तार उलगडत, प्रत्येक थर मोजत, वहीत लिहीत गेले. पातळ तारेचे वेढे दोन हजारांच्या वर भरले. ती तार अशी बारीक की जरा ताण जास्त पडला तर तुटेल. प्रत्येक थरानंतर कागद. अर्ध्यात कर्ण्याकडची जाड तार, पुन्हा पातळ. हातानं फिरवायचं यंत्र, त्यावर आकडा पुढं सरकतोय. मधे कुणी गिऱ्हाईक बोलायला आलं तर ते उत्तर न देता नुसता हात वर करायचे. मी तीन वेळा मिरजेला जाऊन आलो. गुंडाळून झाल्यावर त्यांनी तो वार्निशात बुडवला आणि चार दिवस उन्हात ठेवला. सगळं मिळून चार हजार दोनशे रुपये घेतले.

मशीन घेऊन मी गावी गेलो. कार्तिकातला काकडा संपायला दोन दिवस होते. संध्याकाळी ओट्यावर आण्णांच्या शेजारी बसलो. आण्णांना आता कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र ते लावत नाहीत. "किर्र करतंय," म्हणतात. मी म्हणालो, "आण्णा, ती मशीन मी बिघडवली होती."

"आं?"

पुन्हा म्हणालो. पुन्हा "आं?" शेवटी मला ओरडूनच सांगावं लागलं. कर्ण्याची वायर सोडवली, माईकवर ओरडलो, ठिणगी उडाली, सगळं. समोरच्या दारात भाकरीचं पीठ मळणारी काकू हात थांबवून ऐकत राहिली. दोन पोरं सायकल धरून उभी राहिली. अकरा वर्षांचा असताना कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जे केलं होतं, ते सगळ्या आळीला ऐकू गेलं.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "दोन येळंला वॉल आणलं मी. दोन येळंला." मग काठी टेकत आत गेले. रात्री ते माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत. आई म्हणाली, "राहू दे. ऱ्हाईल त्यांचा राग." मलाही ते बरं वाटलं. सदतीस वर्षं थकलेलं होतं. एका संध्याकाळीत फिटलं असतं तर मलाच खोटं वाटलं असतं.

पहाटे चारला काठीचा आवाज आला. आण्णा माझ्या अंथरुणाशी उभे होते. डोक्याला मफलर, हातात बॅटरी.

"ऊठ. देवळात न्यायची न्हाई का?"

आम्ही मशीन देवळात नेली. पोरांनी कर्णा पिंपळाला बांधला. मी मशीनची पिन बोर्डाकडं न्यायला लागलो, तर आण्णांनी माझं मनगट धरलं. मागच्या पट्टीवर कर्ण्याची वायर त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली. बोटं थरथरत होती म्हणून वेळ लागला. स्क्रू आवळला, वायर ओढून बघितली, पुन्हा आवळला. मग माझ्याकडं बघून मान हलवली.

मी खटका दाबला. वॉल तांबूस झाले. विणेकरी माईकसमोर येऊन उभे राहिले आणि आवाज नाही म्हणून आमच्याकडं बघायला लागले.

"थांबा जरा," आण्णा म्हणाले. "जागी हुतीया."