स्वेटरची बाही, करडाची पाठ

डिसेंबरात नगरचा पारा दहाच्या खाली उतरला की सावेडीत सकाळी कुत्री कपडे घालून फिरायला निघतात. पाळलेली, अर्थात. बाकीची चहाच्या टपरीमागे गरम राख शोधतात. विकतची जॅकेटं बहुतेक पग नाहीतर शिह त्झूच्या अंगाला बेतलेली, म्हणजे आखूड आणि गोल. आपलं गावठी पिल्लू बांध्याने निराळं: छाती खोल, पोट आत गेलेलं, कंबर मुठीत मावेल अशी. छातीला बसेल ते जॅकेट घेतलं की पोटाखाली झोळ लोंबतो आणि मागचे पाय त्यात अडकतात. तेव्हा कात्री घ्यावीच लागते.

*

कात्री कुठे लावायची हे माणसाच्या कपड्यावरून ठरवू नये. आपण खालचा घेर सगळीकडून सारखा कापतो. इथे पाठ लांब ठेवायची आणि पोट आखूड करायचं. पाठीची पट्टी शेपटीच्या मुळाच्या दोन बोटं अलीकडे थांबवावी. पोटाखालची त्याच्याही बरीच आधी, आणि नर असेल तर आणखी पुढे सरकवावी, नाहीतर पहिल्याच फेरीत कपडा ओला. माप उभं असताना घ्यायचं आणि बसवून तपासायचं. बसल्यावर मागचा भाग मानेकडे गोळा होतो, तो किती, हे टेपवर दिसत नाही.

बगलेत मात्र काटकसर नको. पुढच्या पायांची भोकं आपल्याला वाटतात त्यापेक्षा मोठीच लागतात. घट्ट काठ तिथे घासतो, केस जातात, कातडी लाल होते.

*

सगळ्यात सोपा कपडा म्हणजे जुन्या स्वेटरची बाही. कफ तो गळा, पुढच्या पायांसाठी दोन भोकं, मागचं टोक कापलं की झालं. फक्त लोकर कापली की उसवत जाते, म्हणून आधी कापायच्या रेघेच्या अलीकडे टीप मारायची, मग कात्री. दुमडीला मशीनची सरळ टीप नको. लोकर ताणली जाते, दोरा ताणला जात नाही, आणि पिल्लाने अंग झाडलं की टीप तटातट तुटते. मशीनवर झिगझॅग असेल तर ती, नसेल तर हाताने सैल, तिरपी तुरपाई. गाठ बाहेरच्या अंगाला ठेवावी. आत ठेवली तर पिल्लू दिवसभर तिथेच खाजवतं.

*

कापड बाजारात आल्टर करणाऱ्या एका मास्तरांकडे लहानगं जॅकेट टाकलं होतं.

‘ताई, बाळाचं का?’

‘कुत्र्याचं.’

मास्तरांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. ‘मग शेपटी कुठनं काढायची, खूण करून आणा. बाकी माणसासारखंच धरतो.’

तेच नको म्हणून घरी हातशिलाई करायला बसले.

*

मांजराला कपडा घालू नये असं माझं मत आहे. सांगून उपयोग नसतो, लोक घालतातच. निदान लोंबता दोरा ठेवू नका. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. पोटात गेलेला लांब दोरा आतडी गोळा करतो आणि ऑपरेशनची वेळ येते. लेस, टिकल्या, गळ्याची नाडी, सगळं आधी कापून टाकायचं. शिवताना सुई-दोरा खाली पडला तर सापडेपर्यंत उठायचं नाही.

*

खरी गरज कुणाला असते ते शेळीवाल्यांना विचारावं. संगमनेरी शेळी याच पट्ट्यातली: नगर, नाशिक, पुणे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात तिच्यावर बरंच काम झालं आहे. केस अगदी आखूड. थंडीत जन्मलेलं करडू दीड-दोन किलोचं आणि ओलं, त्याला अंगातली ऊब धरता येत नाही. गोठ्यात मग गोणपाटाचा तुकडा येतो, चार कोपऱ्यांना चिंध्यांचे बंद.

पण लगेच घालायचा नाही. आधी शेळीने चाटून घ्यायचं. जन्मानंतरच्या थोड्या वेळात ती करडाचा वास पक्का करते आणि त्या वासावरच पुढे दूध पाजते. वासाच्या साबणात धुतलेला कपडा तेव्हाच चढवला तर ती पोराला ढुशी मारायची. अंग कोरडं झालं, नाळेला आयोडीन लावून झालं, चीक पिऊन झाला, मग कपडा. नाळ वाळेपर्यंत पोटाखालून फक्त बंद जावेत, कापड नाही.

*

पोळ्याच्या आधी काष्टीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजारात झुली टांगलेल्या दिसतात, आरसे, गोंडे, रेशमी काठ लावलेल्या. जनावराचा खरा थाटाचा कपडा हाच. तिला बाही नाही, पोट नाही, बटण नाही, पाठीवर पसरली की झालं. बैल मान हलवतो, शेपटी मारतो, आणि कुठेही अडकत नाही. कुत्र्याच्या जॅकेटला चार पायांच्या विजारी शिवणाऱ्यांनी एकदा झूल बघून यावी. जुन्या झुलीची मधली पट्टी कापली, तिला अस्तर लावून कडेने तुरपलं, की करडाची उत्तम पांघरणी होते. आरसे आणि गोंडे मात्र उतरवूनच.

*

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, तेव्हा कपडेही उतरावेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकतच ते अंग थंड करतं. मार्चच्या दुपारी वाढदिवसाचा झगा घालून फोटोसाठी बसवलेली कुत्री पाहिली की त्यांची जीभ किती बाहेर आली आहे ते आधी बघते.

*

करडू भराभर वाढतं. म्हणून शाळेच्या गणवेशासारखी दुमड ठेवावी, दर पंधरवड्याला थोडी सोडायची. दुमड पाठीकडे, शेपटीच्या बाजूला. पोटाखाली ठेवली तर करडाचा खूर नेमका तिच्यात शिरतो आणि ते तोंडावर आपटतं. आतून कच्चा दोराच घालावा, पटकन उसवता येतो. अर्थात शेजारी बांधलेल्या शेळीचं तोंड तिथवर पोचत असेल तर उसवायचं काम तीच करते, आणि कापडाचा तुकडा तिच्या तोंडातून ओढून काढायला आपल्याला धावावं लागतं.