टेलपर्यंत

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात गंगेला मोठा पूर आला. आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरून पूर मोजायची आमची जुनी रीत. त्या दिवशीही जो तो तेच विचारत होता.

आमची इमारत नदीपासून लांब, शहराच्या दक्षिण अंगाला, वालदेवीकडच्या उतारावर आहे. तिथं पूर येण्याचं काही कारण नव्हतं. तरी पहाटे खाली गेले तर पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. माझी स्कूटर आडवी पडलेली आणि तिच्यावर काळा, बारीक गाळ. सगळे म्हणत होते, गटार तुंबली. अण्णा, माझे वडील, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून बराच वेळ नुसतं पाहत होते. मग म्हणाले, "गटारीचं पाणी असं चालत नाही. हे मागच्या भिंतीकडून येतंय आणि फाटकाकडे जातंय. एका रेषेत. इथं ओहोळ होता."

अण्णांनी आयुष्यभर पाणीच पाहिलं होतं. पालखेड डाव्या कालव्यावर ते पाटकरी होते. हा कालवा कादवा नदीवरच्या पालखेडच्या धरणातून निघतो आणि निफाड तालुक्यातून येवल्याकडे जातो. आवर्तन सुरू झालं की अण्णा सायकलवर कंदील आणि दारांच्या किल्ल्या घेऊन निघत. शेजपाळीप्रमाणे ज्याची पाळी त्याचं दार उघडायचं, वेळ झाली की बंद करायचं, मध्येच कुणी पाट फोडला तर रात्रीच माती टाकून बुजवायचा. घरी आले की आई जेवण वाढता वाढता एकच विचारायची, "टेलला पोचलं का?" कालव्याच्या शेवटच्या टोकाला आमच्याकडे सगळे टेलच म्हणतात. वरचे भरपूर घेतात, टेलचे वाट पाहत बसतात. पाणी टेलला पोचलं म्हणजे पाटकऱ्याचं काम झालं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. कॉलेज उघडल्यावर मी प्रयोगशाळेच्या कपाटातून सर्वेक्षण खात्याचे जुने स्थलदर्शक नकाशे काढले. विसावी अक्षवृत्तरेषा नाशिक शहरातूनच जाते. त्यामुळे रामकुंडाच्या बाजूचं नाशिक ४६ एच या मालिकेत येतं आणि नाशिकरोडच्या बाजूचं ४७ ई मध्ये. आमचं शहर पाहायला दोन कागद शेजारी ठेवून जोडावे लागतात. ते जोडून मी आमची जागा शोधली. तिथं शेतं होती, एक विहीर होती, आणि शेतांमधून वालदेवीकडे उतरणारी एक बारीक काळी रेघ होती.

या नकाशांत बारमाही पाणी निळ्या रंगात दाखवतात आणि कोरडे ओढे काळ्या रंगात. वर्षानुवर्षं मी हे मुलांना शिकवत आले होते, परीक्षेत त्याला एक गुणही असतो. काळी रेघ म्हणजे पाणी नाही असं नव्हे, ते वर्षातून थोडे दिवस येतं एवढंच, हे मला त्या दिवशी नीट समजलं. घर घेताना आम्हाला दाखवलेल्या आराखड्यात ती रेघ नव्हती. मोबाइलवरच्या नकाशातही नव्हती. ओहोळ कुठेच नोंदलेला नव्हता, म्हणून तो बुजवताना कुणाला काही वावगं वाटलं नसावं.

तो नकाशात परत घालायचा, असं मी ठरवलं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक जागतिक नकाशा आहे. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. तो कुणालाही वापरता येतो आणि कुणालाही त्यात भर घालता येते. त्याचा एक नियम मला पहिल्यापासून पटला. दुसऱ्याचा नकाशा गिरवायचा नाही. मोकळेपणाने वापरायला दिलेली उपग्रहचित्रं पाहायची, नाहीतर स्वतः चालत जायचं. म्हणजे कपाटातला नकाशा मला कुठे शोधायचं ते सांगणार होता, रेघ मात्र मला माझ्या पायांनी मिळवायची होती.

सुरुवात नासर्डीपासून केली, कारण ती रोज दिसते. अंजनेरीच्या बाजूने येणारी ही नदी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागातून मुंबई नाक्याकडे येते आणि टाकळीला गोदावरीत मिळते. टाकळी म्हणजे समर्थ रामदासांच्या तपाची जागा. त्या कथेत या नदीचं नाव नंदिनी आहे. मी टाकळीच्या संगमापासून आरंभ केला आणि उपग्रहचित्रावर एकेक बिंदू देत अंजनेरीकडे गेले. दोन रात्री खपले. नकाशाने ताबडतोब चूक दाखवली. या नकाशात पाण्याची रेघ ज्या दिशेने काढाल त्या दिशेने पाणी वाहतं असं धरलं जातं. माझी नासर्डी गोदावरीतून निघून डोंगर चढत होती.

कागदावरच्या नकाशात रेघ ही फक्त रेघ असते, तिचा उतार आपण मनात धरतो. संगणकाला मन नाही, त्याला दिशा सांगावी लागते. ती सांगितली की मग त्याला विचारता येतं, या कारखान्यामागे काही सांडलं तर ते कोणत्या गावांच्या पाण्यात जाईल? या पुलाशी किती डोंगराचं पाणी गोळा होतं? अशा हजारो रेघा एकमेकींना जोडलेल्या असतील, तरच त्याचं उत्तर मिळतं. एक ओहोळ दोन हात आधी तुटला, तर त्याच्या वरचं सगळं पाणी हिशेबातून जातं.

दुसरी अडचण नाव आणि प्रकाराची. नदी कशाला म्हणायचं आणि ओढा कशाला? नियमात एक खूण दिली आहे. धडधाकट माणसाला उडी मारून ओलांडता येतो तो ओढा. पण आमच्याकडचा ओढा मे महिन्यात पोर ओलांडतं आणि जुलैत बैलगाडी अडते. शेवटी रुंदी पाहून प्रकार ठरवायचा आणि 'हंगामी' अशी वेगळी नोंद करायची, असं मी शिकले. नासर्डी नावाबरोबर नंदिनीही लिहिलं. पंचवटीतल्या वाघाडीला वरुणाही लिहिलं. गोदावरीच्या नोंदीत, स्थानिक नावाच्या रकान्यात, गंगा लिहिताना मला फार बरं वाटलं.

काही रेघा तुटक काढाव्या लागल्या, कारण तिथं पाणी जमिनीखालून जातं. जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या पोटातून येणारा सरस्वती नाला तसाच आहे. वर दुकानं आणि गर्दी, खाली नाला. जोराचा पाऊस झाला की तो आपण असल्याचं दाखवून देतो. त्र्यंबक गावात तर खुद्द गोदावरी काही अंतर स्लॅबखालून जाते. १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी नदी तिच्या पहिल्याच गावात झाकलेली. तो तुकडा 'भुयारी' म्हणून नोंदवताना माझा हात जड झाला होता.

त्याच फेरीत मी ब्रह्मगिरीवर चढले. अरबी समुद्र तिथून जेमतेम ८० किलोमीटर आहे, आणि तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला जाते. नाशिक जिल्ह्यात असे तीन उतार आहेत. सुरगाणा-पेठचं पाणी कोकणात आणि गुजरातेत उतरतं, कळवणची गिरणा तापीला मिळते, आणि उरलेलं गोदावरीचं. डोंगराच्या धारेवर उभं राहिलं की कळतं, इथं पडलेल्या दोन थेंबांत हातभर अंतर असेल तर पुढे त्यांची गाठ पडत नाही.

नद्यांचा असा नकाशा यंत्रानेही करता येतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. त्या उंचीवरून पाणी कुठून कुठे उतरेल याचं गणित करून जगभरच्या नद्यांच्या रेघा काढल्या गेल्या आहेत. मी त्या पाहिल्या. डोंगरातले ओढे त्यात चांगले उतरले होते. पण शहरात आणि कालव्यांच्या पट्ट्यात त्या चुकतात. ती मोजणी ३० आणि ९० मीटरच्या चौकोनांची. पाटाचा भराव त्या चौकोनात विरून जातो. शिवाय ओढा डोंगरावरून सरळ उतरतो, तर पाट डोंगराच्या अंगाला धरून, जवळजवळ एकाच उंचीने, अगदी थोडा उतार घेत चालतो. उंचीचं गणित ओढा ओळखतं. पाट माणसाने काढलेला, तो माणसालाच विचारावा लागतो.

मला विचारायला माणूस घरातच होता.

एके दिवशी मी पालखेड डाव्या कालव्याची रेघ काढून अण्णांना लॅपटॉपवर दाखवली. निफाड तालुक्यात पाट जिथे एका ओढ्याला आडवा जातो, तिथं मी दोन्ही रेघा एका बिंदूत जोडल्या होत्या. चित्रात तर त्या एकमेकींना छेदत होत्या. अण्णांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, "इथं गाठ नको मारू. पाट वरून जातो, ओढा खाली मोरीतून. दोघांचं पाणी एक होत नाही. तुझ्या नकाशात येवल्याचं पाणी ओढ्यात चाललंय."

त्या एका बिंदूने मी येवल्याकडचं पाणी तोडलं होतं. तो काढला, पाट एक थर वर घेतला, ओढा मोरीतून खाली घातला. मग आम्ही रोज संध्याकाळी बसू लागलो. अण्णांचे गुडघे गेले होते, पाटावर जाणं होत नव्हतं. पण बांधावरचा किलोमीटरचा प्रत्येक दगड त्यांना पाठ होता. "या बाभळीच्या पुढे दार. तिथून चारी निघते, ती द्राक्षांच्या मळ्याला वळसा घालून जाते. इथं एस्केप आहे, पाणी जास्त झालं की नदीत सोडायला." मी रविवारी एसटीने जाऊन ते पाहून यायचे, मोबाइलमध्ये जागेची नोंद घ्यायचे. बाभूळ तोडलेली असायची. दार तिथेच असायचं. दोन ठिकाणी चारीच बुजलेली होती आणि तिच्यावर कांदा लावला होता. मी ती काढली आणि 'वापरात नाही' अशी नोंद केली. अण्णांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोंद केली ना? मग ठीक. पुन्हा उकरायची म्हटलं तर जागा तरी सापडेल."

बांधावर भेटणाऱ्या शेतकऱ्यांना मी काय करतेय ते सांगायचे. सुरुवातीला त्यांना मी पाणीपट्टीची मोजणी करायला आले असं वाटे. नमुना नंबर ७ चा पाणी अर्ज भरला आहे, हे लोक आधीच सांगून टाकायचे. खरं कळल्यावर मात्र बायामाणसंही हातातलं काम ठेवून यायची. एका आजींनी एका ओढ्याची तीन नावं सांगितली. वरच्या वस्तीचं वेगळं, मधल्या वस्तीचं वेगळं, खाली स्मशानाजवळ वेगळं. तिन्ही मी त्या त्या तुकड्याला दिली.

आमच्या ओहोळाचं नाव मात्र मिळायला दोन वर्षं लागली. तिथली शेती विकून गेलेल्या कुटुंबातल्या एका काकांनी ते सांगितलं. त्यांच्याबरोबर मी भर पावसात वरच्या रस्त्यापासून वालदेवीपर्यंत चालले. तीन ठिकाणी तो उघडा होता, दोन ठिकाणी सिमेंटच्या नळ्यांत, आणि आमच्या मागच्या भिंतीशी त्याला वाटच ठेवलेली नव्हती. मी तो तसाच काढला. उघडा तिथे सलग रेघ, नळीत तिथे तुटक, अडलेला तिथे अडलेला. वर नाव लिहिलं. सोसायटीच्या सभेत ती रेघ दाखवली. पुष्कळ बोलाचाली झाली. अखेर मागच्या भिंतीला खाली दोन भगदाडं ठेवून फाटकापर्यंत जाळीचा चर काढला गेला. त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी आलं, पण घोट्याच्या वर चढलं नाही.

मागच्या वर्षी रब्बीच्या आवर्तनाच्या दिवसांत आम्ही अण्णांच्या शेवटच्या चारीवर आलो. पोटचारी, तिच्या दोन शेतचाऱ्या, आणि शेवटचं शेत. मी रेघ तिथंच थांबवली. अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"थांबलीस का?"

"टेल आलं ना, अण्णा."

"टेलला पाट मरत नाही. उरलेलं पाणी कुठे जाईल? शेवटच्या शेताच्या कोपऱ्यावरून ते ओढ्यात सोडलंय. मीच दगड लावले होते तिथे."

मी चित्र मोठं केलं. शेताच्या कोपऱ्यावर बारीक हिरवी पट्टी होती, आणि ती खाली ओढ्याला टेकत होती. मी रेघ तिथवर नेली.

"आता मार गाठ," अण्णा म्हणाले.

मी पाट आणि ओढा एका बिंदूत जोडले, नोंद जतन केली. त्यांनी चष्मा काढून मिटला आणि आईच्या फोटोकडे पाहिलं.

"पोचलं," ते म्हणाले.