द्वंद्वगीत

माझ्या टेबलाच्या खणात सारसांच्या जोडीचे एक छायाचित्र आहे. ज्यांनी ज्यांनी ते पाहिले, त्यांनी त्याची स्तुतीच केली. नराने दोन्ही पंख पाठीवर उभारले आहेत, मादी त्याला खेटून उभी आहे, दोघांच्या माना ताठ आणि चोची आकाशाकडे. पाठीमागे भाताच्या खाचरांतले संथ पाणी. प्रणयाचा असा उत्कट क्षण तुम्हांला इतक्या जवळून कसा सापडला, असे मला पुष्कळांनी विचारले, आणि आरंभी मी भिंगाची शक्ती, पहाटेचा प्रकाश आणि थोडेसे दैव यांची नावे घेऊन त्यांचे समाधान करीत असे. ते उत्तर खोटे नव्हते. अपुरे मात्र होते.

मराठी माणसाला सारस भेटतो तो बहुधा पुस्तकातच. महाराष्ट्रात त्याची वस्ती उरली आहे ती मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भागात, तीही अगदी मोजकी. पुण्याच्या सारसबागेने तर नुसते नावच सांभाळले आहे. उत्तरेकडील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेलो नसतो, तर मीही हा पक्षी शब्दांतच पाहिला असता. तेथे मी रामायणाचा आरंभ शिकवीत होतो. व्याधाने बाण मारला तो क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी, हा वाद जुना आहे. जुलिया लेस्ली या विदुषींनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो सारसच होय असे साधार मांडले. आदिकवीने त्या पक्ष्याचे मस्तक तांबूस सांगितले आहे, आणि सारसाचे डोके व मानेचा वरचा भाग लाल असतो, ही गोष्ट या मताला पोषक आहे. दुसरा वाद काव्यशास्त्रातला. रामायणात मारला जातो तो नर. ‘ध्वन्यालोका’च्या प्रचलित पाठात मात्र सहचरीच्या विरहाने आक्रोश करतो तो क्रौंच, म्हणजे मेली ती मादी. या पाठभेदावर मी एक तास पांडित्य खर्च केल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण दोघे दिसायला सारखेच असतील, तर नर कोणता हे त्या व्याधाला तरी कळले होते का?”

मला उत्तर देता आले नाही. सारसांत नर-मादीचा रंग एकच. नर किंचित थोराड, इतकाच भेद. वाचनात मात्र असे आले की, जोडी मिळून साद घालते तेव्हा ही ओळख पटते. नर पंख उभारतो आणि त्याच्या एकेका दीर्घ सादेला मादी दोन आखूड सादांनी उत्तर देते. इंग्रजी ग्रंथांत या प्रकाराला जे नाव आहे, त्यापेक्षा आपला ‘द्वंद्वगीत’ हा शब्द मला अधिक आवडला. तो किती नेमका आहे, हे नंतर कळायचे होते.

२०२२ सालच्या ऑगस्टात मी मैनपुरीच्या बाजूला गेलो. इटावा-मैनपुरी हा सारसांचा खरा मुलूख. सखल पाणथळी, कालवे, भाताची शेते, आणि पक्ष्याला त्रास न देणारा शेतकरी. पावसाळा हा त्यांच्या विणीचा काळ. उथळ पाण्यात गवत-लव्हाळ्यांचा मोठा ढीग रचून त्यावर मादी बहुधा दोन अंडी घालते. उबवण्याचे काम दोघेही करतात. माझ्याजवळ एका सहकाऱ्याचा कॅमेरा आणि चारशे मिलिमीटरची लेन्स होती. त्या लेन्समध्ये उभा सारस चौकट भरून यावा, तर तीसेक मीटरवर जावे लागते. माणसाएवढा उंच, चौफेर नजर असलेला पक्षी एरवी इतके जवळ येऊ देत नाही. परंतु प्रियाराधनाच्या वेळी त्याचे लक्ष जोडीदारात गुंतलेले असते. छायाचित्रकार याला संधी म्हणतात. रामायणातल्या व्याधानेही तीच साधली होती.

अर्थात हे त्या पहाटे माझ्या मनात नव्हते. मनात होता तो जहांगीर. लैला आणि मजनू नावाची सारसांची एक जोडी त्याने पाळली होती. ती पुन्हा जुगणार असे दिसले की मला कळवा, अशी त्याची आज्ञा होती. एके दिवशी पहाटे वर्दी येताच तो तत्काळ पाहावयास धावला आणि जे पाहिले ते त्याने आपल्या आत्मवृत्तात निःसंकोचपणे लिहून ठेवले. पुढे अंडी, उबवणे, पिले, सगळ्याची नोंद केली. बादशहाची ही निरागस उत्सुकता मला फार प्रिय आहे, आणि मी स्वतःला तिचा वारस समजत होतो. त्याचे पक्षी माणसाळलेले होते, एवढी गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरलो.

जोडी बांधापलीकडे नाचत होती. एकाने मान लवविली, दुसऱ्याने उडी घेतली; एकाने चोचीने गवताची काडी उचलून हवेत भिरकावली आणि ती खाली पडण्याआधी दोघांनी परस्परांभोवती गिरकी घेतली. एवढ्या मोठ्या देहांत इतके हलकेपण असू शकते, यावर माझा विश्वास बसेना. साठ-सत्तर पावलांवरून हे सारे स्वच्छ दिसत होते. मी तेथेच थांबायला हवे होते. पण दिसणे पुरेसे नव्हते. चौकट भरायची होती. चिखलातून कोपरांवर सरपटत मी आणखी पुढे गेलो, पुन्हा पुढे गेलो. एका बांधाशी पोहोचून बटण दाबले तेव्हा कॅमेऱ्याचा खटका मलाच मोठा वाटला. नाच थांबला. क्षणभर दोघे निश्चल उभे राहिले. मग शेजारी शेजारी येऊन त्यांनी माना उभारल्या, एकाने पंख वर केले, आणि तो प्रचंड, कर्ण्यासारखा नाद सुरू झाला. एक साद, दोन उत्तरे. हाच नर, हीच मादी! विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर समोर उभे होते. मी खटाखट चित्रे घेत राहिलो. डोळ्यांत पाणी आले होते, हेही सांगितले पाहिजे.

जोडी उडून गेल्यावर मी उठलो, तर मागच्या बांधावर शेताचा मालक उभा. माझे कपडे पाहून तो हसला नाही. “बाबूजी, वो आप ही को बोल रहे थे,” एवढेच तो म्हणाला, आणि जोडी उभी होती त्याच्या मागे बोट दाखविले. लव्हाळ्यांत अर्धवट रचलेला गवताचा ढीग होता. मी तो पाहिलाच नव्हता. भिंगाच्या चौकटीत तो येत नव्हता.

सारसांची ही जोडसाद जोडीचे नाते दृढ करते, तशीच ती आपल्या हद्दीत शिरणाऱ्याला बजावतेही. हे मी वाचलेले होते. नर-मादी ओळखण्याची खूण ज्या पानावर सापडली, त्याच पानावर ते होते. परंतु मला हवे तेवढेच मी उचलले. द्वंद्व म्हणजे जोडी, आणि द्वंद्व म्हणजे झुंजही, हे मराठीच्या अध्यापकाला कोणी सांगावे लागू नये. संहितेतला उद्गार कोणी, कोणास उद्देशून काढला, हे आधी पाहा, असे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. येथे श्रोता मीच होतो, आणि मी स्वतःला आडून ऐकणारा समजलो.

पंधरवड्याने पुन्हा गेलो; या वेळी कॅमेऱ्याविना, रस्त्यावरूनच पाहिले. ढीग तेवढाच होता, एका बाजूने खचलेला; त्यावर एक जांभळी पाणकोंबडी उभी होती. खाचरातले पाणीही पुष्कळ ओसरले होते, तेव्हा जोडी त्या कारणाने गेली असेल, असे मला वाटले. तसे वाटून घेणे मला सोयीचे होते. शेतकऱ्याला विचारले. तो म्हणाला, ही जोडी चार वर्षे याच शेतात राहत होती. पाण्याविषयी तो काही बोलला नाही, माझ्याविषयीही नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका संस्थेने दिनदर्शिकेसाठी ते छायाचित्र मागितले. मी आधी दिले, आणि मग अस्वस्थ होऊन पत्र लिहिले की, चित्राखाली प्रणयाचा उल्लेख कृपया नसावा; ही जोडी छायाचित्रकाराला हाकलीत आहे, असे स्पष्ट छापावे. उत्तर विनयशील होते. सूचना अत्यंत उद्बोधक आहे, परंतु छपाई पूर्ण झाली आहे, असे त्यात लिहिले होते. चित्र ऑगस्टच्या पानावर आले. खाली एकच शब्द होता: ‘अनुराग’. त्याखाली, बारीक अक्षरांत, माझे नाव.